नीरगंटीची रिकामी जागा

बेंगळुरूच्या तलावांसाठी झटणाऱ्या नागरिकांनी गेल्या दोन दशकांत बरेच काही वाचविले. परंतु एकेक तलाव वाचविणे आणि शहराचा जलमार्ग वाचविणे यांत अंतर आहे. ते कोणी आणि कसे भरून काढायचे?

चैत्र पौर्णिमेच्या सुमारास बेंगळुरूच्या जुन्या पेठेत करगा उत्सव भरतो. धर्मराय मंदिराशी आणि द्रौपदीच्या उपासनेशी जोडलेला हा उत्सव तिगळ समाजाचा आहे. फुले आणि भाजीपाला पिकविणारा हा समाज पिढ्यान्‌पिढ्या तलावांच्या पाण्यावर जगला. उत्सवातील विधीसाठी ही मंडळी संपंगी तलावाकडे जातात. पण तलाव आता उरलेला नाही. त्याच्या विस्तीर्ण पात्रावर कंठीरवा क्रीडासंकुल उभे आहे आणि एका कोपऱ्यात या विधीपुरते एक लहानसे तळे राखून ठेवले आहे.

हा तलाव एका दिवसात गेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या पाण्यावरून झालेला वाद जुन्या दफ्तरांत सापडतो. तलावात पाणी राहावे, अशी मळेवाल्यांची मागणी होती. तर पोलो खेळण्यासाठी तलावाचे पात्र कोरडे असावे, अशी छावणीकडील प्रतिष्ठितांची इच्छा होती. त्या वादाचा निकाल कोणाच्या बाजूने लागला, हे आज त्या जागी उभे राहिल्यावर सांगावे लागत नाही. मुख्य बसस्थानकाची जागाही अशीच. केंपेगौडांच्या काळापासूनचा धर्मांबुधी तलाव तेथे होता.

मी इतिहासाचा विद्यार्थी आणि नंतर आयुष्यभर सरकारी नोकर. या दोन्ही नात्यांनी बेंगळुरूच्या तलावांची कथा मला महत्त्वाची वाटते. देशातील दुसऱ्या कोणत्याही महानगरात पाण्याच्या रक्षणासाठी इतके नागरिक, इतक्या सातत्याने, इतक्या वेगवेगळ्या मार्गांनी उभे राहिलेले मला दिसले नाहीत. त्यांनी काय मिळविले आणि त्यांचे प्रयत्न कोठे अडले, हे समजून घेणे प्रत्येक वाढत्या शहराच्या हिताचे आहे.

साखळीचे शहर

बेंगळुरूला मोठी नदी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील एका उंचवट्यावर हे शहर वसले आहे. तेथे पडणारा पाऊस प्रामुख्याने तीन खोऱ्यांतून उतरतो. हेब्बाळ आणि कोरमंगल-चळ्ळघट्ट ही खोरी आपले पाणी पूर्वेकडे दक्षिण पिनाकिनी नदीला देतात, तर वृषभावतीचे खोरे पश्चिमेकडे अर्कावतीमार्गे कावेरीला मिळते. उतारावरून पाणी वाहून जाऊ नये म्हणून पूर्वजांनी पायऱ्यापायऱ्यांनी बांध घातले. वरचा तलाव भरला की त्याच्या सांडव्यावरून पाणी ‘राजकालुवे’ नावाच्या मोठ्या ओढ्यात उतरे आणि खालच्या तलावात जाई. केंपेगौडांनी १५३७ मध्ये आपले नगर वसविले तेव्हापासून हे बांधकाम वाढत गेले. १६३८ नंतर ज्या बेंगळुरूत शहाजीराजांचे वास्तव्य होते, ते याच तलावांचे पाणी पीत होते.

या व्यवस्थेचा आधार ‘नीरगंटी’ हा माणूस होता. तलावाची मोरी केव्हा उघडायची, कोणत्या शेताला किती वेळ पाणी द्यायचे, सांडवा मोकळा आहे की नाही, बांधाला कोठे झिरपा लागला आहे, हे पाहणे त्याचे काम. मोबदला म्हणून त्याला सुगीत धान्याचा वाटा मिळे. खानदेशातील फड पद्धतीत पाटकरी जे काम करतो, त्याच जातीचे हे काम. अनेक गावांत ते दलित कुटुंबांकडे वंशपरंपरेने होते. ज्याच्या हाती पाण्याची किल्ली, त्याला त्या पाण्यावर समान हक्क मात्र नव्हता. म्हणून त्या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. तलावाकडे रोज पाहणारा, त्यासाठी उत्तरदायी असलेला आणि ज्याला त्याचा मोबदला मिळतो, असा एक माणूस गावात असे.

नळ आले आणि ही गरज संपल्यासारखी वाटू लागली. १८९० च्या दशकात हेसरघट्टा तलावातून शहराला पाणी मिळू लागले. १९३३ मध्ये अर्कावतीवर तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय झाला आणि १९७४ मध्ये कावेरीचे पाणी शहरात पोहोचले. ते आज शंभर किलोमीटरच्या आसपास अंतरावरून, तीनशे मीटरहून अधिक उंची चढवून आणले जाते. २०२४ मध्ये योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, तेव्हा त्यात दररोज आणखी ७७ कोटी ५० लाख लिटरची भर पडली. पाणी दुरून येऊ लागल्यावर घराजवळचा तलाव महसुली दफ्तरात निव्वळ जमीन झाला. गाव शहरात आले, शेती संपली, लाभक्षेत्र उरले नाही आणि नीरगंटीची जागा आपोआप रिकामी झाली. ती रद्द केल्याचा हुकूम बहुधा कोणी काढलाच नसेल.

माझा शेरा

येथे एक कबुली दिली पाहिजे. सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत एका दूरच्या जिल्ह्यात मी असताना बसस्थानकासाठी जागा हवी होती. खालच्या कार्यालयाने गावालगतचा एक तलाव सुचविला. अहवालात लिहिले होते, ‘तलाव अनेक वर्षे वापरात नाही.’ मी जागेची पाहणी केली तेव्हा उन्हाळा होता, पात्र भेगाळलेले होते आणि मुले तेथे क्रिकेट खेळत होती. एका वृद्धाने अर्ज दिला होता की, हा तलाव वरच्या दोन तलावांचे पाणी घेतो, तो बुजवू नये. तो अर्ज मी वाचला आणि ‘प्रस्तावास हरकत नसावी’ असा शेरा मारून कागद वर पाठविला. काही वर्षांनी अतिवृष्टी झाली, तेव्हा बसस्थानकात कमरेइतके पाणी होते. मी तोवर बदलून गेलो होतो. वर्तमानपत्रात छायाचित्र पाहिले आणि तो अर्ज आठवला. वृद्धाचे नाव मात्र आठवले नाही.

ही चूक माझी एकट्याची असती तर सांगण्याचे कारण नव्हते. देशभरातील शेकडो अधिकाऱ्यांनी अशाच भाषेत, अशाच प्रामाणिकपणे, असे शेरे मारले. बेंगळुरूत त्यांची बेरीज काय झाली, हे भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासातून दिसते. १९७३ नंतरच्या चार दशकांत शहरातील जलक्षेत्र सुमारे ७९ टक्क्यांनी घटले. कर्नाटक विधिमंडळाच्या कोळिवाड समितीला बेंगळुरू शहर आणि ग्रामीण या दोन जिल्ह्यांतील तलावांची दहा हजार एकरांहून अधिक जमीन अतिक्रमणाखाली आढळली. अतिक्रमण करणाऱ्यांत खासगी विकासक होते, तसेच खुद्द सरकारी यंत्रणाही होत्या.

न्यायालयाच्या पायऱ्या

शासनाला या ऱ्हासाची जाणीव नव्हती, असे म्हणता येणार नाही. १९८० च्या दशकातच लक्ष्मण राव समितीने तलाव राखण्याच्या शिफारशी केल्या होत्या. २००२ मध्ये तलाव विकास प्राधिकरण स्थापन झाले. परंतु या प्राधिकरणाने निधीच्या शोधात जो मार्ग काढला, तो वादाचा ठरला. काही तलाव खासगी कंपन्यांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले. कंपनीने तलाव स्वच्छ करावा आणि काठावर नौकाविहार, उपाहारगृह, करमणूक केंद्र चालवून खर्च भागवावा, असा तो व्यवहार होता. ज्या काठावर गुरे पाणी पीत, परीट कपडे धूत, मच्छीमार जाळे टाकत, तेथे तिकीटखिडकी आली.

याविरुद्ध ‘एन्व्हायर्न्मेंट सपोर्ट ग्रुप’ या संस्थेने २००८ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. तलाव ही सार्वजनिक विश्वस्त मालमत्ता आहे. शासन तिचा विश्वस्त आहे, मालक नाही, असा तिचा गाभा होता. न्यायालयाने त्याच वर्षी या खासगीकरणाला लगाम घातला. पुढे न्या. एन. के. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २०११ मध्ये आला आणि एप्रिल २०१२ च्या आदेशाने तलावांच्या संरक्षणासाठी जिल्हास्तरीय यंत्रणा उभारण्याचे निर्देश दिले गेले. भारतातील नागरी जलस्रोतांच्या इतिहासात या याचिकेला महत्त्वाचे स्थान आहे. पाण्याचा प्रश्न सौंदर्यीकरणाचा नसून हक्काचा आहे, हे तिने ठसविले.

या प्रकारच्या कामाला आपण ‘चळवळ’ म्हणतो आणि डोळ्यांसमोर मोर्चा येतो. प्रत्यक्षात त्यातील बराचसा वेळ कागदांत जातो. बेंगळुरूतील स्वयंसेवकांनी माहितीच्या अधिकारात गावनकाशे मिळविले आणि जुन्या मोजणीतील ओढे आजच्या उपग्रह छायाचित्रांवर बसवून पाहिले. सात-बारा वाचणाऱ्या मराठी वाचकाला ‘पोटखराब’ हा शब्द ठाऊक आहे. तलाव, ओढे, पायवाटा यांची सार्वजनिक उपयोगाची जमीन कर्नाटकच्या महसुली दफ्तरात ‘ब खराब’ म्हणून नोंदलेली असते. बांधकामाच्या आराखड्यात ओढा गायब असेल, पण जुन्या नकाशात तो ‘ब खराब’ म्हणून दिसत असेल, तर वादाचे पारडे फिरते. दफ्तरातील हा शब्द शोधून काढणारे हे नागरिक महसूल खात्याचेच विसरलेले काम करीत होते.

काठावरची माणसे

दुसरीकडे, न्यायालयाच्या तारखांची वाट न पाहता काही मंडळी थेट तलावाच्या काठावर उतरली. जे. पी. नगरमधील पुट्टेनहळ्ळी हा जेमतेम तेरा एकरांचा तलाव. तो जवळजवळ कोरडा पडला होता. परिसरातील रहिवाशांनी २०१० मध्ये न्यास स्थापन केला आणि पुढच्या वर्षी महापालिकेशी सामंजस्य करार करून देखभालीची जबाबदारी घेतली. शहरातील अशा करारांची सुरुवात येथून झाली. तलावाला पाणी देणारे ओढे वस्तीखाली गेले होते. म्हणून शेजारच्या गृहसंकुलाच्या प्रक्रिया केंद्रातील शुद्ध केलेले पाणी तलावात आणण्याची व्यवस्था करण्यात आली. आज तेथे पक्षी आहेत आणि त्यांची गणनाही होते.

सर्जापूर रस्त्यावरील कैकोंड्रहळ्ळीची कथा थोडी वेगळी आहे. येथे २००९ च्या सुमारास रहिवासी, पर्यावरण अभ्यासक आणि महापालिकेचे अभियंते यांनी पुनरुज्जीवनाचा आराखडा एकत्र बसून केला. काठावरच्या सरकारी शाळेची मुले, गुरे चारणारे आणि जुन्या गावातील कुटुंबे यांचा विचार त्यात आधीपासून होता. ‘महादेवपुरा परिसर संरक्षणे मत्तु अभिवृद्धि समिती’ या न्यासाने पुढची देखभाल पाहिली. तेथे भरणारा ‘केरे हब्ब’ म्हणजे तलावाचा उत्सव, नव्या उपनगरात आलेल्या परप्रांतीय कुटुंबांनाही हा तलाव आपला वाटावा, यासाठी आहे.

उत्तरेकडील जक्कूर तलावाने तांत्रिक उत्तर दाखविले. सुमारे १६० एकरांच्या या तलावाच्या वरच्या अंगाला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. तेथून बाहेर पडणारे पाणी थेट तलावात न सोडता पाणकणीस आणि तत्सम वनस्पतींच्या पाणथळ पट्ट्यातून नेले जाते. वनस्पती आणि त्यांच्या मुळांवरील जिवाणू पाण्यातील नत्र आणि स्फुरद शोषून घेतात, मग पाणी तलावात उतरते. परिसरातील विहिरींना त्याचा झिरपा मिळतो. मच्छीमारांना येथे मासेमारी करता येते, काठावरचे गवत गुरांसाठी कापले जाते. नागरिकांचा न्यास, पाणीपुरवठा मंडळाचे केंद्र आणि तलावावर पोट असणारी माणसे, या तिघांची सांगड जक्कूरला बसली.

स्वयंसेवक तेथे नेमके काय करतात? जलपर्णी काढतात, रोपांना पाणी घालतात, पाण्यातील विरघळलेल्या प्राणवायूची नोंद ठेवतात. पावसापूर्वी सांडव्यात अडकलेला कचरा काढला आहे का, हे पाहतात. रात्री मैल्याचा टँकर ओढ्यात रिकामा होताना दिसला, तर वाहनाचा क्रमांक टिपून तक्रार करतात. मासे मरून वर आले, तर पहिला दूरध्वनी त्यांचा असतो. ही कामांची यादी पुन्हा वाचली की ती ओळखीची वाटू लागते. नीरगंटीचेच काम हे. फरक इतकाच की नीरगंटीला धान्याचा वाटा मिळत असे आणि सांडवा मोकळा करण्याचा त्याचा अधिकार कोणी नाकारत नसे.

खालच्या गावाचे काय?

आता अडचणीच्या प्रश्नाकडे यावे लागेल. तलाव साखळीत असतो. वाचविणारे गट मात्र तलावनिहाय आहेत. आपल्या तलावात येणारे मैलापाणी थांबविण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे ते बाजूने वळवून पुढे सोडून देणे. पुनरुज्जीवनाच्या कित्येक आराखड्यांत ही वळणवाहिनी असते. वरचा तलाव स्वच्छ होतो, फेरफटक्याची पायवाट तयार होते आणि तेच मैलापाणी खालच्या तलावात जाते. ज्या खालच्या वस्तीत शिकलेले, वेळ असलेले, इंग्रजीत ई-मेल पाठविणारे रहिवासी नाहीत, तेथे तक्रारही होत नाही.

कोरमंगल-चळ्ळघट्ट खोऱ्याच्या तळाशी असलेल्या बेळ्ळंदूरने ही बेरीज जगाला दाखविली. सुमारे नऊशे एकरांचा हा तलाव शहराच्या मोठ्या भागाचे सांडपाणी पोटात घेत होता. साबणचुऱ्यातील फॉस्फेटमुळे त्यावर फेसाचे डोंगर उठत आणि वाऱ्यावर रस्त्यावर येत. २०१५ पासून तलावावर आगी दिसल्या. जानेवारी २०१८ मध्ये पात्रातील वाळके गवत पेटले, तेव्हा ती आग विझविण्यासाठी लष्कराचे जवान उतरले. राष्ट्रीय हरित लवादाने त्या वर्षाच्या अखेरीस राज्य शासनाला ५०० कोटी रुपये स्वतंत्र खात्यात ठेवण्यास सांगितले, दंड केला आणि न्या. संतोष हेगडे यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली.

पश्चिमेची कहाणी त्याहून उपेक्षित आहे. वृषभावती ही बसवनगुडीच्या नंदीपाशी उगम पावते, अशी श्रद्धा आहे. शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांचा उत्सर्ग घेऊन ती रामनगरकडे जाते आणि बैरमंगल जलाशयात उतरते. त्या पाण्यावर शेती करणाऱ्यांना फेसाळ, दुर्गंधीयुक्त पाणी पिकाला द्यावे लागते. बेंगळुरूच्या तलावांवरील चर्चासत्रांत मात्र बैरमंगलचा शेतकरी क्वचितच दिसतो. पूर्वेला कोलार जिल्ह्यातील कोरड्या तलावांत २०१८ पासून बेंगळुरूचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडले जात आहे. त्यामुळे भूजल वाढल्याचे समाधान आहे आणि प्रक्रिया पुरेशी आहे का, याविषयीचा वाद न्यायालयापर्यंत गेला आहे. म्हणजे शहराचे पाणी तीन-चार जिल्ह्यांचा प्रश्न झाले आहे, पण त्यावर बोलण्याचा मंच प्रभागापुरता आहे.

तलावाला कुंपण घालून सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक वेळीच दार उघडणे, हाही असाच प्रश्न. अतिक्रमण रोखण्यासाठी कुंपण लागते, हे खरे. पण दुपारी गुरे घेऊन येणाऱ्यासाठी ते दार बंद असते. ज्या खासगीकरणाविरुद्ध लढा दिला, त्याची सौम्य आवृत्ती आपल्याच हातून घडत नाही ना, हे गटांनी तपासले पाहिजे. काही गटांनी ते तपासले आहे, ही जमेची बाजू.

न्यायाची मर्यादा

न्यायालयीन मार्ग किती दूर नेतो, याचाही हिशेब मांडला पाहिजे. नागरिक संघटनांच्या अर्जावर हरित लवादाने मे २०१६ मध्ये तलावाभोवती ७५ मीटरचा ना-बांधकाम पट्टा राखण्याचा आदेश दिला आणि राजकालुव्यांच्या पट्ट्यांतही वाढ केली. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सर्वसाधारण वाढ रद्द केली, कारण विकास आराखड्यातील तरतूद बदलणे लवादाच्या अधिकारात बसत नव्हते. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय समजण्यासारखा आहे. मात्र त्यातून एक धडा मिळतो. पट्टा किती असावा, हा प्रश्न अखेर विधिमंडळात आणि नियोजन आराखड्यात सुटतो. २०२५ मध्ये कर्नाटक विधानसभेत तलावाच्या आकारानुसार पट्टा कमी-अधिक करणारे दुरुस्ती विधेयक संमत झाले, तेव्हा हे पुन्हा दिसले. लहान तलावांचा पट्टा आकुंचित होणार, ही नागरिकांची हरकत रास्त होती. साखळीत लहान तलावच संख्येने अधिक असतात.

दुसरा धडा अधिक कडू आहे. २०२० च्या सुमारास उच्च न्यायालयाने महापालिकेला तलावांसाठी कंपन्यांशी करार करण्यास मज्जाव केला. हेतू सार्वजनिक मालमत्तेच्या रक्षणाचा होता. परंतु त्या आदेशाच्या छायेत नागरी न्यासांच्या करारांचे नूतनीकरणही रखडले. दहा-दहा वर्षे तलाव सांभाळणारी माणसे एका रात्रीत ‘त्रयस्थ’ ठरली. त्याच सप्टेंबरमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे अनेक वर्षे निवडणूक झाली नाही. नगरसेवक नाही, करार नाही. स्वयंसेवकाने दाद कोणाकडे मागायची? सप्टेंबर २०२२ मध्ये बेळ्ळंदूर-सर्जापूर पट्ट्यात पाणी शिरले, तेव्हा संगणक कंपन्यांचे कर्मचारी ट्रॅक्टरमधून कामावर गेले. मार्च २०२४ मध्ये त्याच शहरात सरकारी सुमारे १४ हजार कूपनलिकांपैकी जवळजवळ निम्म्या कोरड्या पडल्या. पूर आणि टंचाई यांत जेमतेम दीड वर्षाचे अंतर होते.

काय करता येईल

पहिली गोष्ट म्हणजे व्यवस्थेचा घटक तलाव न मानता खोरे मानावे. २०२५ मध्ये बेंगळुरूची एक महापालिका जाऊन पाच झाल्या आणि त्यांच्यावर बृहत् बेंगळुरू प्राधिकरण आले. महापालिकांच्या सीमा पाण्याला ठाऊक नसतात. म्हणून प्रत्येक खोऱ्यासाठी वैधानिक समिती असावी. तिच्यात पाणीपुरवठा मंडळ, महापालिका, लघुपाटबंधारे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्या बरोबरीने वरच्या तलावाचे स्वयंसेवक आणि खालच्या गावाचे शेतकरी एकाच टेबलाशी बसावेत. बैरमंगलच्या शेतकऱ्याने विचारावे आणि शहराने उत्तर द्यावे, असा मंच आज नाही.

दुसरी गोष्ट स्वयंसेवकाच्या स्थानाची. कराराची कृपा नको, नियमात हक्क हवा. तलावाची पाहणी करण्याचा, पाण्याचा नमुना घेण्याचा, मोजणी नकाशा पाहण्याचा आणि तक्रारीला ठरावीक दिवसांत लेखी उत्तर मिळविण्याचा हक्क. त्याबरोबर बंधनेही हवीत: जमाखर्च जाहीर करावा, गुरे-मासे-गवत यांवर जगणाऱ्यांना समितीत स्थान द्यावे, आणि वळणवाहिनीने आपले मैलापाणी खाली ढकलणारा आराखडा स्वीकारू नये. निधीचे, जमिनीचे आणि दंडाचे अधिकार शासनाकडेच राहिले पाहिजेत. विश्वस्ताने आपले विश्वस्तपण कंपनीला विकू नये, तसेच ते नागरिकांच्या गळ्यातही घालू नये.

तिसरी गोष्ट मोबदल्याची. प्रत्येक तलावावर एक प्रशिक्षित, पगारी माणूस असावा. सांडवा, मोरी, जलपर्णी, नमुने आणि नोंदवही ही त्याची जबाबदारी. पदाचे नाव काहीही ठेवा, काम नीरगंटीचे. परंतु जातीने न ठरलेले आणि वेतनश्रेणीतले. स्वयंसेवक नोकरी बदलतो, थकतो, शहर सोडतो. तलावाला बारा महिने माणूस लागतो. बेंगळुरूत ‘बायोम’ या संस्थेने विहिरी खोदणाऱ्या मण्णू वड्डर समाजाच्या पारंपरिक कौशल्याला पुन्हा काम मिळवून दिले आणि कब्बन पार्कातील जुन्या विहिरी जिवंत झाल्या. महाराष्ट्रातील माती वडारांशी नाते सांगणारा हा समाज. अशा हातांना शहराच्या अंदाजपत्रकात जागा देणे अवघड नाही.

आणि या सगळ्याच्या आधी, मैला ओढ्यात येण्यापूर्वी अडविला पाहिजे. शहरात येणाऱ्या पाण्याचा सुमारे ऐंशी टक्के भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो. बाहेरून जितके अधिक पाणी आणाल, तितके अधिक मैलापाणी खोऱ्यात उतरेल. कावेरीच्या नव्या टप्प्याचे उद्घाटन करताना त्याच प्रमाणात प्रक्रियेची आणि वाहिन्यांची तरतूद केली आहे का, हा प्रश्न अंदाजपत्रकाच्या चर्चेत विचारला गेला पाहिजे. स्वयंसेवकांच्या सर्व श्रमांचे भवितव्य या एका तरतुदीवर अवलंबून आहे, आणि ती त्यांच्या हातात नाही.

मी नोकरीत असताना नागरिकांच्या अर्जांकडे बहुधा अडथळा म्हणून पाहिले. आज वाटते, त्या वृद्धाच्या अर्जात एका ओळीत जेवढे जलशास्त्र होते, तेवढे माझ्यापुढच्या अहवालात नव्हते. ‘हा तलाव वरच्या दोन तलावांचे पाणी घेतो,’ असे त्याने लिहिले होते. बेंगळुरूच्या काठांवर आज शेकडो माणसे तीच ओळ वेगवेगळ्या शब्दांत लिहीत आहेत. त्यांच्या कागदावर शेरा मारण्यापूर्वी एखाद्या तरुण अधिकाऱ्याने उन्हाळ्यात नव्हे, पावसाळ्यात जाऊन तलाव पाहावा, एवढीच अपेक्षा.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)